मेत्सानीन म्हणजे मजला नव्हे

मंगळवारी सकाळी दात घासत असताना बँकेचा मेसेज आला. कार्डावरून २५ युरो गेले. व्हिएन्नाहून परत येऊन आम्हाला नऊ दिवस झाले होते, पुसलेल्या बॅगा अजून बाल्कनीत उलट्या पडल्या होत्या आणि खर्चाचा विषय घरात कुणी काढायचा नाही असं ठरलेलं होतं. तोंडातला फेस तसाच ठेवून मेल उघडला. हॉटेलवाल्यांनी लिहिलं होतं : उशिरा आगमनाचं शुल्क. किल्लीची पेटी उघडल्याची नोंद २१:०४. रात्री नऊनंतर शुल्क लागू.

चार मिनिटांचे अडीच हजार रुपये! (युरो शंभराच्या घरात गेल्यापासून हिशोब सोपा झालाय, छातीला तेवढा जड जातो.) आणि खरं सांगायचं तर त्या इमारतीच्या दारातून मी, बायको, आई, दोन मुलं आणि पाच बॅगा असे सगळे आठ वीसलाच आत शिरलो होतो. मधली चव्वेचाळीस मिनिटं आम्ही जिन्यात होतो.

मी डोंबिवलीचा. ‘स्टेशनपासून चालत ५ मिनिटं’ या ओळीवर आमच्या गावातल्या दोन पिढ्यांनी कर्ज काढलंय. ती पाच मिनिटं बिल्डरने कुणाच्या पायांनी मोजली, हे आजवर कुणाला कळलेलं नाही. त्यामुळे युरोपात हॉटेल शोधताना मी फसणार नव्हतो. ‘मेट्रोजवळ’ असं लिहिलेलं दिसलं की नकाशा उघडून स्वतः अंतर मोजायचं. सतरा रात्री मोजत होतो. बायको झोपेत विचारायची, “आता कुठे पोचलास?” मी म्हणायचो, “ब्रातिस्लाव्हा.”

अंतराचं जमतं हो. जमत नाही ते माणसांचं. तिकडे फॅमिली म्हणजे दोन मोठे, दोन लहान. त्यात आई घातली की सगळ्या खोल्या अंग चोरून घेतात. पॅरिसने आम्हाला दोन खोल्या दिल्या, एक दुसऱ्या मजल्यावर, एक पाचव्या. म्हणजे आईच्या खोलीत कोण झोपणार यावर इथेच भांडण. ॲमस्टरडॅममध्ये एक बरं सापडलं, पण तिथे २०२४ पासून खोलीच्या भाड्यावर साडेबारा टक्के पर्यटक कर लागतो, ती बेरीज शेवटच्या पानावर उगवली आणि मी पान मिटलं. बाकी ठिकाणी आईपुढे एकच शेरा : ‘एक्स्ट्रा बेड, विनंतीनुसार, उपलब्ध असल्यास.’ जिने आम्हा दोघा भावांना आणि नंतर नातवंडांना वाढवलं, ती बाई शेंगेनच्या (म्हणजे युरोपच्या सामायिक व्हिसाच्या) हद्दीत शिरली आणि विनंतीनुसार, उपलब्ध असल्यास झाली. याचा मला अजून राग आहे. हॉटेलवाल्यांवर की आईची संख्या तीन-तीनदा कमी करून भाडं किती उतरतं ते बघणाऱ्या माझ्यावर, ते विचारू नका.

शेवटी व्हिएन्नात ही जागा मिळाली. घरगुती, स्वस्त, पाच जणांना एक खोली, पाचवा पलंग घडीचा. मेट्रो १५० मीटरवर. तिकडे असल्या छोट्या हॉटेलांना पेन्शन म्हणतात. मी कौतुकाने आईला वाचून दाखवलं, “फॅमिली पेन्शन आहे बघ.” आई म्हणाली, “ती मला मिळते. बाबा गेल्यापासून.” पुढे तो विषय मी वाढवला नाही. व्हिसाच्या अर्जाला राहण्याचा पुरावा जोडायचा असतो, ३०,००० युरोंचा विमा काढायचा असतो आणि मोठ्या माणसामागे ९० युरो फी भरायची असते. एवढं सगळं एका पत्त्यावर लिहून झालं की तो पत्ता बदलायची छाती होत नाही.

विमानतळावरून लोकल, मग यू-४ मेट्रो, श्पिटेलाऊला उतरून यू-६. श्पिटेलाऊच्या बाहेर एक निळा उंच मनोरा दिसतो, त्याला सोनेरी गोल. मावळतीचं ऊन पडलं होतं. आईने चपला काढल्या आणि हात जोडले. कचरा जाळायची भट्टी आहे ती. १९८७ मध्ये आग लागली, मग हुंडर्टवासर नावाच्या चित्रकाराने तिचं रूप पालटलं. मला हे माहीत होतं, पण आईचे हात जोडून झाल्यावर सांगण्यात काय अर्थ? चिरंजीवांनी सांगितलं. आई म्हणाली, “अग्नी तो अग्नी.”

यू-६ मध्ये तिने डबा काढला. तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी. चिरंजीव पुन्हा ओरडले, कारण गाडीत खायला बंदी असल्याचं चित्रच समोर लावलेलं होतं. व्हिएन्नाच्या मेट्रोत खाण्यावर बंदी आहे, आणि तिची सुरुवात २०१८ च्या सप्टेंबरात नेमकी याच लाइनवर, वासाच्या पदार्थांपासून झाली. आमच्या चटणीचा डबा उघडल्यावर समोरच्या तरुणाने खिडकी शोधली त्यावरून कायद्याचं कारण समजलं. झाकण लावलं. मुलांची पोटं रिकामीच राहिली, आणि पुढे जिन्यात जे झालं त्याला हेही एक कारण आहे.

तर जिना. पत्ता असा होता : घर ३८, पहिला मजला, टॉप ९. रस्त्यावरचं दार कोडने उघडलं. आत लिफ्ट होती, जुन्या पद्धतीची, जाळीची, लाकडी दाराची, बघत राहावं अशी. तिला किल्ली लागते. ती किल्ली हॉटेलच्या दारावरच्या पेटीत, कारण रिसेप्शन आठला बंद. थोडक्यात, लिफ्टने वर जायचं तर आधी वर जायचं.

सात-आठ पायऱ्या चढलो, एक सज्जासारखा मजला लागला. तो काही मी मोजला नाही. मग पूर्ण जिना चढलो. हा पहिला. तिथे हॉटेल नव्हतं. आईचे दोन्ही गुडघे संपले होते, तिला बॅगेवर बसवलं. पत्ता पुन्हा वाचला. टॉप ९. अरे, टॉप! टॉपलाच असणार. मी आणि चिरंजीव दोन बॅगा घेऊन निघालो. तिकडच्या जिन्यातले दिवे घड्याळावर चालतात; तुम्ही दोन मजले चढलात की तुमचा चढण्याचा हक्क संपला असं समजून विझतात. अंधारात भिंत चाचपत सगळ्यात वर गेलो. वर एका वकिलाची पाटी होती. चिरंजीव म्हणाले, “बाबा, केस टाकूया?”

खाली आलो तर आईसमोर एक दार उघडलेलं. दारात ऐंशीच्या घरातल्या बाई, गुलाबी रजईचा गाऊन, काखेत लांबुडका कुत्रा. कुत्रा वर्तमानपत्रासारखा धरलेला. मला वाटलं, सुटलो. आता ही बोट दाखवेल आणि आपण जाऊ.

“तुम्ही,” बाई स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या, “कुठे उभे आहात असं तुम्हाला वाटतं?”

असा प्रश्न मला याआधी फक्त कीर्तनात ऐकू आला होता. मी म्हटलं, “पहिल्या मजल्यावर.”

“नाही.”

“दुसऱ्या?”

“मुळीच नाही.” त्यांनी डोळे मिटले. कुत्र्यानेही. “हे मेत्सानीन आहे.”

“म्हणजे कितवा मजला?”

“मेत्सानीन हा मजला नव्हे.”

“पण आपण त्यावर उभे आहोत.”

“उभं राहता येतं म्हणून काय झालं?” बाई म्हणाल्या. “रस्त्याला लागून आहे ते पार्टेर. त्यावर सात पायऱ्यांनी होखपार्टेर. त्यावर मेत्सानीन. आणि त्याच्यावर पहिला मजला सुरू होतो. त्याच्या आधी मजला नसतो.”

मी बोटांवर मोजलं. डोंबिवलीच्या हिशोबाने तो तिसरा होतो. म्हणजे आमच्या सोसायटीत लिफ्टच्या मेंटेनन्सचा जास्त दर जिथून लागतो तो. बाईंनी माझी बोटं पाहिली आणि त्यांना वाटलं मला इतिहासात रस आहे. पूर्वी म्हणे शहरात किती मजले बांधायचे याला मर्यादा होती. मालकांनी दोन मजल्यांची नावं बदलली. नाव बदललं की मजला मोजला जात नाही. हे ऐकून मला जी आपुलकी वाटली ती मी लपवू शकलो नाही. पोटमाळा, सर्व्हिस फ्लोअर, स्टिल्ट, पोडियम : अहो, आम्हीही हेच करतो! म्हणालोही तसं. बाईंना ते आवडलं नाही. त्यांच्याकडे ती परंपरा होती.

दिवा विझला. बाईंनी अंधारात न बघता बटण दाबलं. आठ सत्तेचाळीस.

“आणि टॉप ९?” मी विचारलं. “आम्ही टॉपला जाऊन आलो.”

“का?”

“टॉप लिहिलंय.”

“टॉप म्हणजे दरवाजाचा नंबर,” बाई म्हणाल्या. “मी टॉप ६. तळात राहणारासुद्धा टॉपच.” मग हळू आवाजात, जणू मलाच सांत्वन हवंय अशा बेताने, “ऑस्ट्रियात सगळे टॉप असतात.”

टॉप ९ तिथून फक्त एक जिना वर होतं. वर जाताना आणि खाली येताना मी त्या दारावरून दोनदा गेलो होतो, दोन्ही वेळा दिवा विझलेला. आता निघावं म्हणून बॅग उचलली, तर मागे आई नळ सोडून बसलेली.

जिन्याच्या कोपऱ्यात भिंतीला बिडाचं कुंड होतं, वर पितळी नळ. आई गिरगावातल्या चाळीत वाढली. तिला त्या शहरातलं सम्राटांचं, ऑपेराचं काही ठाऊक नव्हतं, पण मजल्यावरचा सार्वजनिक नळ तिने क्षणात ओळखला. “इथेही पाण्याला रांगा लावत असतील,” ती म्हणाली. मी भाषांतर केलं. झालं! बाईंनी कुत्रा खाली ठेवला. याला बासेना म्हणतात, त्यांनी सांगितलं, आणि बासेनावरच्या कुचाळक्यांना त्यांच्या बोलीत वेगळा शब्द आहे. पाणी डोंगरातून येतं, १८७३ पासून. डोंगरातून! हे तीनदा सांगितलं. आई म्हणाली, “आमच्याकडे पहाटे चारला यायचं.” बाईंनी गुडघ्यावर हात ठेवला, “क्नी.” आईने दोन्हींवर ठेवले, “गुडघे.” मग मला वगळण्यात आलं. एक जर्मन, एक मराठी, मध्ये दोन अधिक दोन गुडघे, दहा मिनिटं. कन्या पायरीवर बसून लसणाच्या चटणीशी पुरी खात होती. जिन्यात बंदीचं चित्र नव्हतं. बायको घड्याळाकडे बघत होती. मीही बघत होतो. पण ऐंशीच्या बाईला मध्येच तोडून, “बाई, नऊनंतर दंड आहे,” असं कसं म्हणणार? आणि मुळात दंड आहे हे मला कुठे माहीत होतं? तो नियम बुकिंगच्या अकराव्या परिच्छेदात होता. मी पंधरावा वाचला होता, पाळीव प्राण्यांचा.

२१:०४ ला पेटी उघडली.

खोली वाईट नव्हती. घडीचा पलंग उघडला की न्हाणीघराचं दार उघडत नसे, म्हणून रात्री ज्याला जायचं त्याने आईला उठवायचं, आईने पलंग मिटायचा आणि उभं राहायचं. त्याचे रोज वेगळे १८ युरो. आणि मेट्रो खरंच जवळ होती. यू-६ त्या भागात पुलावरून धावते, १८९८ ची ओटो वाग्नरची सुंदर लाइन, जमिनीपासून बरोबर तितक्याच उंचीवर जितका तिथला पहिला मजला. गाडीतला माणूस आमच्या पलंगाकडे बघायचा, आम्ही त्याच्याकडे. एरवी मध्यरात्रीनंतर ती थांबते. आम्ही पोचलो शुक्रवारी. शुक्रवार-शनिवार ती रात्रभर चालते. “स्टेशनजवळ पाहिजे होतं ना?” बायको पहाटे तीनला म्हणाली. रविवारी मुलांना तिकीट लागलं नाही, तेवढा एक फायदा. तोही मी आदल्या दोन दिवसांची तिकिटं काढून झाल्यावर वाचला.

मंगळवारीच मी हॉटेलला उत्तर लिहिलं. मुद्देसूद, पाऊण पान. आठ वीसला आत आलो, जिन्यात साक्षीदार आहे, टॉप ६, हवं तर विचारा. दोन दिवसांनी उत्तर आलं, आभार मानून : आमचं पेन्शन पहिल्या मजल्यावर असल्याचं पत्त्यात स्पष्ट नमूद केलेलं आहे. आता पंचवीस युरोंवर बँकेने परदेशी चलनाचे साडेतीन टक्के लावलेत, त्या साडेतीन टक्क्यांवर जीएसटी. ही सोड म्हणते. मी सोडलेलं नाही.

काल आईने लोकरीची गुडघेपट्टी विणून पूर्ण केली. करडी, दोन्ही पायांची. बाईंनी तिला कागदावर पत्ता लिहून दिला होता, मला न सांगता. कुरिअरच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलाने फॉर्म भरायला घेतला.

“फ्लोअर, सर?”

“मेत्सानीन.”

“म्हणजे फर्स्ट टाकू?”

“नाही.”

“सेकंड?”

“मुळीच नाही,” मी म्हटलं, आणि माझे डोळे आपोआप मिटले. मागे चार माणसं होती. मी कोपर काउंटरवर टेकलं. “हे बघ, रस्त्याला लागून असतं ते पार्टेर...”