आधी ‘गरज’ विचारा, मग तारे द्या

सिनेमाचं परीक्षण लिहायला हात शिवशिवत असतील तर आमच्या चांदूर बाजार तालुक्यात या. संत्र्याच्या सावलीत बसून लिहा, एखादा तारा उगाच सांडायची भीती नाही.

सरावाला ‘लव्ह, सायमन’ घ्या. मार्च २०१८चा सिनेमा. अटलांटाच्या उपनगरातल्या शाळकरी पोराला पोरं आवडतात आणि हे घरी सांगायचं कसं, याचा त्याला घोर. समलिंगी किशोराची प्रेमकथा हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओनं काढायची ही पहिलीच वेळ. बऱ्याच समीक्षकांनी कौतुक केलं. तुम्ही तसला अघळपघळपणा करू नका.

पहिलं वाक्य आयतं आहे: ‘याची गरज काय?’ न्यूयॉर्कच्या ‘टाइम’ नियतकालिकातल्या एका लेखानं मथळ्यातच हा प्रश्न टाकला होता. सिनेमा नवी वाट पाडतो खरा, पण आजच्या पोरांना त्याची गरज आहे का? तिकडं जग पुढं गेलं, म्हणून गरज नाही. आमच्या पारावरचे रिटायर गुरुजीही तेच विचारतात, “कायची गरज हाये बाप्पा असल्या पिच्चरची? आपल्या इकडं असं काही नसते.” इकडं अजून सुरूच झालं नाही, म्हणून गरज नाही. न्यूयॉर्क आणि आमचा पार यांचं इतकं एकमत दुसऱ्या कशावर झाल्याचं मला आठवत नाही. तेव्हा बिनधास्त लिहा. फक्त सिनेमा आला तेव्हा आपल्याकडं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ धडधाकट होतं आणि सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांच्या संमतीचं प्रेम त्यातून सोडवलं ते ६ सप्टेंबर २०१८ला, ही तारीख गाळा. मुद्दा लंगडतो.

पोरगा-पोरगी गॅदरिंगमध्ये भेटतात, पावसात भिजतात, बाप आडवा येतो. या मालाची गरज मात्र विचारायची नसते. संत्र्याचा आंबिया सरला की मृग, बहार येतच राहतो.

मग सायमनच्या सुखावर घसरा. मोठं घर, स्वतःची गाडी, समजूतदार मायबाप. याला रडायला झालं काय? (याच घरात पोरीसाठी झुरला असता तर आपण त्याला ‘हळवा’ म्हटलं असतं.) त्यावर कोणी ‘साबर बोंडं’ पुढं केला, दोन पुरुषांच्या प्रेमाचा, आपल्याच मराठीतला, खेड्यातला, २०२५मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांचं सर्वोच्च पारितोषिक घेऊन आलेला, तर ‘संथ आहे’ म्हणा आणि चहा सांगा.

शेवटाला सोडू नका. सायमन जत्रेतल्या आकाशपाळण्यात बसून आपल्या माणसाची वाट पाहतो. तिकिटं संपत येतात, खाली सगळी शाळा माना वर करून उभी. ‘फारच फिल्मी’, असा शेरा मारा. बहिरमच्या यात्रेत तुम्ही वहिनींना घेऊन पाळण्यात बसलात, वर जाताच त्यांनी तुमचा दंड गच्च धरला, खाली उतरून दोघांनी हंडीतलं मटण आणि रोडगे हाणले, ते फिल्मी नव्हतं. तो संसार होता.

लिहून झालं की बागेच्या धुऱ्यावरून चक्कर मारा. रेंज तिथंच येते. संत्र्याचा क्रेट पालथा घालून एक पोट्टा बसलेला असेल. हेडफोनचा एकच कान चालतो, दुसरा नुसता लोंबतोय. पडद्यावर सायमनची आई त्याला सांगतेय की बाबा, इतके दिवस रोखून धरलेला श्वास आता सोड. पोट्टा तेवढाच तुकडा मागं नेतो, पुन्हा लावतो, खालच्या अक्षरांवरून अंगठा फिरवत वाचतो. अंगठ्याला संत्र्याच्या सालीचा पिवळा डाग. तुमची चाहूल लागली की मोबाइल मांडीखाली जाईल.

“काय पाहून राह्यला रे?”

“काही नाही काका, टाइमपास.”

हे लिहून घ्या. मथळ्याला बरं आहे.