आय-जॉइस्टचा मजला ‘कसाही, पण झटपट’: एका फिरत्या सल्ल्याचा मुद्देसूद प्रतिवाद

अमेरिका आणि कॅनडात लाकडी घराच्या मजल्याखाली हल्ली सर्रास आय-जॉइस्ट, म्हणजे इंग्रजी I च्या आकाराच्या तुळया, असतात. वर-खाली लाकडाची किंवा एलव्हीएलची (पातळ थर चिकटवून केलेल्या लाकडाची) जाड पट्टी, म्हणजे फ्लँज, आणि मधे ओएसबीची (लाकडाच्या चिपा दाबून केलेली) पातळ उभी फळी, म्हणजे वेब. आयडाहोतल्या बॉइझीच्या ट्रस जॉइस्ट कंपनीने १९६९ मध्ये ते बाजारात आणले. ते बसवण्याबद्दलचा एक सल्ला सुतारांच्या छोट्या व्हिडिओंतून निघतो आणि तिकडे घर बांधून घेणाऱ्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत पोचतो. त्याचा सारांश असा: ‘जॉइस्ट हलके नि सरळ असतात. साध्या लाकडाच्याच मापाने खुणा करा, सगळे उभे करून टाका, ब्रेसिंग (आधाराच्या आडव्या पट्ट्या) शेवटी. प्लंबरला लागेल तिथे भोक पाडू द्या, फ्लँजला बारीक खाचही चालते. कडेला उरलेलं टू-बाय-टेन (दोन बाय दहा इंची साधं लाकूड) चालतं. ते बारके ब्लॉक आणि स्टिफनर कंपन्यांनी माल खपवायला काढलेत. गोंद हवा तर लावा. मजला एका दिवसात उरकतो.’

हलके आणि सरळ, एवढं खरं आहे. ११ ७/८ इंच उंचीचा (बाराला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमी) जॉइस्ट फुटामागे साधारण अडीच ते चार पौंड भरतो. चोवीस फुटांचा नग दोघं जण सहज उचलतात. बाकीचा सल्ला मात्र जीव, पैसा किंवा दोन्ही घालवणारा आहे. एकेक मुद्दा घेऊ.

‘सगळे उभे करा, ब्रेसिंग शेवटी’

आय-जॉइस्ट आडवा टाकला तर चाबकासारखा लवतो. उभा केला की वरचा फ्लँज बाजूला पळायला बघतो, कारण त्याला आडवा आधार देणारं सबफ्लोअर (जॉइस्टांवर ठोकायचे ओएसबीचे किंवा प्लायचे तख्ते) अजून बसलेलं नसतं. एक कलला की शेजारचा कलतो आणि पत्त्यांसारखी अख्खी रांग आडवी होते, वर उभा असलेल्या माणसासकट. उत्पादकांच्या प्रत्येक पुस्तिकेत हा इशारा पहिल्या पानांवर असतो. आमच्या मते मजला बसवताना सगळ्यात आधी पाठ करायची गोष्ट हीच.

रीत अशी. रांगेच्या टोकाचे जॉइस्ट आधी पक्के करायचे: टोकाच्या भिंतीला बांधून, नाहीतर पहिल्या चार फुटांवर सबफ्लोअर ठोकून. मग वन-बाय-फोरच्या किमान आठ फुटी पट्ट्या जॉइस्टच्या माथ्यावर आडव्या घ्यायच्या. दोन पट्ट्यांमधलं अंतर आठ फुटांपेक्षा जास्त नको. प्रत्येक जॉइस्टला दोन अडीच इंची खिळे, आणि पट्टी संपते तिथे पुढची पट्टी निदान दोन जॉइस्टांवर तिच्या जोडीने चालली पाहिजे. नुसत्या एकमेकींना बांधलेल्या पट्ट्यांचा उपयोग नाही, त्या पक्क्या टोकाला पोचल्या पाहिजेत. सबफ्लोअर पुढे सरकेल तशा पट्ट्या काढत जायच्या. सबफ्लोअर होईपर्यंत जॉइस्टांवर चालायचं नाही आणि प्लायचे गठ्ठेही ठेवायचे नाहीत. याला वेळ लागतो तो थोडकाच, कारण पट्ट्यांवर अंतराच्या खुणा आधीच केलेल्या असल्या की त्याच पट्ट्या जॉइस्ट ओळीत धरतात आणि वर टेप लावत बसावं लागत नाही.

‘लागेल तिथे भोक पाडा’

या वाक्यात अर्धं सत्य आहे, म्हणून ते जास्त घातक. वेब भोकं सहन करतो, पण जागेनुसार. जॉइस्ट वाकतो तेव्हा ताण आणि दाब फ्लँज घेतात, वेब घेतो तो कातर-जोर. हा जोर भिंतीजवळ, म्हणजे टेकूपाशी सगळ्यात जास्त आणि गाळ्याच्या (दोन टेकूंमधल्या अंतराच्या) मध्यावर सगळ्यात कमी असतो. मोठ्या भोकाची जागा त्यामुळे मध्याकडे. टेकूपासून किती अंतरावर किती मोठं भोक चालेल, हे जॉइस्टची उंची, मालिका आणि गाळा यांवर ठरतं. तो तक्ता प्रत्येक उत्पादकाचा वेगळा असतो, एकाचा दुसऱ्याला लावू नये.

तक्ते वेगळे असले तरी काही नियम सगळीकडे जवळपास सारखेच दिसतात. दोन भोकांमध्ये मोकळी जागा मोठ्या भोकाच्या निदान दुप्पट. भोक आणि फ्लँज यांच्यामध्ये वेबची पट्टी शिल्लक राहिली पाहिजे: काही उत्पादक एक सूत सांगतात, काही दोन. चौकोनी भोकाचे कोपरे करवतीने ओलांडायचे नाहीत, चीर तिथूनच धरते. तारांसाठी कारखान्यातूनच दीड इंची नॉकआउट, म्हणजे ठोकून मोकळी करायची अर्धवट कापलेली भोकं, येतात. सगळे जॉइस्ट एकाच टोकाकडून मोजून लावले की ही नॉकआउटं एका रेषेत येतात आणि इलेक्ट्रिशियनला ड्रिल काढावंच लागत नाही. हे खरं वेळ वाचवणं. यासाठी लागतं एवढंच की जॉइस्ट उलट-सुलट न टाकता उत्पादकाचा शिक्का एकाच बाजूला ठेवायचा.

सांडपाण्याच्या नळाचा हिशेब आधी कागदावर करावा. तीन इंची नळाचा बाहेरचा व्यास साडेतीन इंच, त्याला भोक चार इंचांचं धरू. उतार फुटाला पाव इंच, म्हणजे १६ इंच अंतरावरच्या पुढच्या जॉइस्टात भोक इंचाच्या तिसऱ्या भागाने खाली. दहा जॉइस्ट ओलांडले की त्यांच्यामधल्या नऊ अंतरांत तीन इंच उतरलो. पहिल्या भोकाच्या माथ्यापासून शेवटच्या भोकाच्या तळापर्यंत सात इंच. ११ ७/८ इंची जॉइस्टात दीड इंचाचे दोन फ्लँज वजा जाता वेब उरतो पावणेनऊला एक सूत जास्त. म्हणजे काम बसतं, पण मार्ग मध्याच्या पट्ट्यात असेल आणि तक्ता चार इंचांना हो म्हणत असेल तरच. साडेनऊ इंची जॉइस्टात साडेसहा इंचच उरतात, तिथे हा नळ जॉइस्टांना समांतर न्यावा. कमोडची जागाही लेआउट काढतानाच बघावी. फ्लँजच्या डोक्यावर कमोड आला की पुढचा मुद्दा ओढवतो.

‘फ्लँजला बारीक खाच चालते’

नाही. लांबीला कापण्यापलीकडे फ्लँजला करवत, ड्रिल, पटाशी काहीच लागता कामा नये. मध्यावर खालचा फ्लँज ताणात असतो आणि जवळजवळ सगळा भार त्या दीड इंच जाडीतून जातो. त्यात अर्ध्या इंचाची खाच म्हणजे तिसरा हिस्सा गेला. टू-बाय-टेनची खाच बघून आलेला हात इथे चुकतो, कारण त्या लाकडात खालीवर सगळीकडे माल असतो.

‘कडेला टू-बाय-टेन चालतं’

टू-बाय-टेनची खरी उंची सव्वानऊ इंच, जॉइस्ट साडेनऊचा. टू-बाय-ट्वेल्व्ह सव्वाअकरा, जॉइस्ट ११ ७/८. पहिल्या जोडीत दोन सूत, दुसरीत पाच सूत फरक. जॉइस्टची मापं साध्या लाकडाच्या मापांशी मिळत नाहीत, हे मुद्दामच आहे, दोन्हींची सरमिसळ होऊ नये म्हणून. पाचर मारून उंची साधली तरी लाकूड आटतं. ‘सुकं’ म्हणून विकलेल्या लाकडात १९ टक्क्यांपर्यंत ओल असू शकते. हीटर चालणाऱ्या घरात ती ८-१० टक्क्यांवर येते आणि सव्वानऊ इंचांची फळी उंचीत दीड-दोन सूत बसते. आय-जॉइस्ट जवळपास आटत नाही. परिणामी बाहेरच्या भिंतीचा भार रिमवरून (जॉइस्टची टोकं बंद करणाऱ्या कडेच्या फळीवरून) सुटून जॉइस्टच्या टोकांवर येतो, वेब चेपतो, वरच्या भिंतीच्या जिप्सम बोर्डाला भेगा पडतात. रिम बोर्ड इंजिनिअर्डच घ्यायचा: १ १/८ किंवा सव्वा इंच जाड, जॉइस्टच्याच उंचीचा. प्रत्येक जॉइस्टच्या वरच्या आणि खालच्या फ्लँजमध्ये रिममधून एकेक खिळा, आणि रिम सिल प्लेटला (पायावरच्या आडव्या लाकडाला) दर सहा इंचांवर तिरक्या खिळ्याने.

टेकूवर जॉइस्ट टोकाला किमान पावणेदोन इंच आणि मधल्या भिंतीवर साडेतीन इंच बसला पाहिजे. खाली प्लेटला खिळा वेबच्या दोन्ही बाजूंनी एकेक, टोकापासून दीड इंच आत, नाहीतर फ्लँज उभा चिरतो.

‘ब्लॉक आणि स्टिफनर ही विक्रीची युक्ती’

छपराच्या गर्डरचा खांब वरच्या मजल्याच्या भिंतीत उतरतो आणि त्याचा भार खाली पायापर्यंत जायला हवा. वाटेत आहे पाऊण इंचाचं सबफ्लोअर आणि तीन-साडेतीन सूत जाडीचा ओएसबीचा वेब. तिथे टू-बाय-फोरचे उभे तुकडे, म्हणजे स्क्वॉश ब्लॉक, जॉइस्टच्या बाजूला लागतात. ते जॉइस्टपेक्षा अर्धा सूत लांब कापायचे, म्हणजे भार आधी ब्लॉक उचलतो. बरोब्बर मापाला कापला तर वेब आधी दबतो. तुकडा लाकडाचाच, पण अर्ध्या सुताची ती वाढ पाळली तर त्यातली युक्ती कळते.

वेब स्टिफनरचं, म्हणजे वेबला बाजूने मारायच्या आधाराच्या तुकड्याचं, उलटं आहे. तो फ्लँजांमध्ये ठोकून घट्ट बसवला तर पाचरीसारखा फ्लँज वेबपासून सोडवतो. टेकूवर असेल तर खाली घट्ट आणि वर एक सूत फट, वरून एकवटून येणाऱ्या भाराखाली असेल तर वर घट्ट आणि खाली फट. हँगरच्या (जॉइस्टचं टोक बीमला धरणाऱ्या पत्र्याच्या खोबणीच्या) बाजू वरच्या फ्लँजपर्यंत पोचत नसतील तर तिथेही स्टिफनर लागतो, नाहीतर जॉइस्टचं टोक हँगरमध्ये डोलतं. हँगरमध्ये टोक आणि बीम यांतली फट एका सुतापेक्षा जास्त नको. खिळे हँगरच्या तक्त्यातलेच. लांब खिळा खालचा फ्लँज फोडतो. हँगरच्या तळात गोंदाचा एक थेंब टाकला की नंतरची कुरकुर टळते.

हे सगळे तुकडे मिळून सामानाच्या बिलातला बारीक भाग असतो. एका बैठकीत स्टॉप लावून कापले, खोकीत वेगवेगळे ठेवले, तर अर्ध्या तासाचं काम आहे.

‘गोंद हवा तर लावा’

मजला कुरकुरतो तो बहुतेक वेळा सबफ्लोअर खिळ्यावर खाली-वर होतो म्हणून. एएसटीएम डी३४९८ या मानकात बसणाऱ्या गोंदाची पाव इंची सलग धार प्रत्येक फ्लँजवर, आणि दोन तख्ते ज्या फ्लँजवर भेटतात तिथे दोन धारा. एका वेळी एक-दोन तख्त्यांपुरतीच, कारण साय धरलेला गोंद चिकटत नाही. तख्ता जीभ-खोबणीचा, २३/३२ इंची, कडांना सहा आणि मधे बारा इंचांवर खिळे, तख्त्यांमध्ये एक सूत फट. ही फट पावसात भिजलेल्या ओएसबीला फुगायला जागा देते. फट नसेल तर सांधे उचलले जातात आणि टाइल लावणारा शिव्या घालतो.

‘साध्या लाकडाच्या मापाने खुणा करा’

दीड इंची लाकडाला १६ च्या अंतरासाठी पहिली कडेची खूण १५ १/४ वर असते. अडीच इंची फ्लँजला तीच खूण मारली तर जॉइस्टचा मध्य साडेसोळावर जातो आणि आठ फुटांवरच्या सांध्यात एका तख्त्याला पाऊण इंच आधार उरतो. त्या कडेत ठोकलेला खिळा फळी फोडून बाहेर येतो. अडीच इंची फ्लँजला पहिली खूण १४ ३/४ वर, तिथून पुढे १६-१६. १९.२ इंचांसाठी टेपवरचे काळे हिरे आहेत, आठ फुटांचे पाच समान भाग.

खुणा रिम बोर्ड जमिनीवर असतानाच कराव्यात, समोरासमोरचे दोन एकत्र ठेवून. जॉइस्टची लांबी काढताना दोन्ही रिमची जाडी वजा करायची: २८ फुटी रुंदी आणि १ १/८ इंची रिम असेल तर ३३३ ३/४ इंच. सर्क्युलर सॉ फ्लँजवरून वेबवर उतरताना कलतो, म्हणून दोन फ्लँजांमध्ये बसणारा प्लायचा ठोकळा असलेली मार्गपट्टी एकदाच बनवावी. वेग इथून येतो.

एक मुद्दा सल्ल्यात नाही, पण घरमालकांनी बघावा. तळघराचं छत उघडं ठेवू नये. अंडररायटर्स लॅबोरेटरीज या चाचणी संस्थेच्या २००८ च्या भट्टी-चाचणीत उघडा आय-जॉइस्ट मजला सुमारे ६ मिनिटांत कोसळला, टू-बाय-टेनचा पावणेएकोणीस मिनिटांत. खाली अर्धा इंची जिप्सम असताना आय-जॉइस्टचा सुमारे २७ मिनिटं टिकला. आयआरसीने (अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नमुना संहितेने) २०१२ पासून हे आवरण मागितलं आहे, स्प्रिंकलरसारखे काही अपवाद सोडून.

जिप्सम चढण्याआधी खालून टॉर्च घेऊन फिरावं. फ्लँज कापलेला किंवा तक्त्याबाहेरचं भोक दिसलं तर जॉइस्टवरचा शिक्का, भोकाचं माप, टेकूपासूनचं अंतर आणि फोटो उत्पादकाच्या इंजिनिअरिंग विभागाला पाठवायचे. दुरुस्तीचा आराखडा तिथून किंवा परवानाधारक इंजिनिअरकडून यायला हवा. सुताराने बाजूला ठोकलेली प्लायची पट्टी इन्स्पेक्टर मान्य करत नाही आणि तुम्हीही करू नका.