रिबन कशाला नेली?

आमचा कट्टा म्हणजे भरत नाट्य मंदिरापासून हाकेच्या अंतरावर, एका बंद पडलेल्या किराणा दुकानाच्या तीन पायऱ्या. चहा शेजारच्या अमृततुल्यातून येतो, वाद आम्ही घरून घेऊन येतो. परवा संध्याकाळी पाऊस असा भुरभुरत होता की छत्री उघडली तर हसं व्हावं आणि न उघडली तर चष्मा ओला.

वैजू आली तीच तणतणत. आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवला, निवृत्त झाली तरी कुणा ना कुणाचे पेपर तपासत असते.

"एका पोरानं लिहिलंय, घाशीरामानं आपली मुलगी गौरी नाना फडणवीसाला दिली आणि त्या बदल्यात कोतवाली घेतली. अरे, गौरी आली कुठून? पेशवे दफ्तरातून? ती आली तेंडुलकरांच्या टेबलावरून!"

"पण घाशीराम तरी होता ना?" आमच्या नानानं विचारलं. हा नाना फडणवीस नव्हे. हा एका पतपेढीत टायपिस्ट म्हणून लागला आणि हेडक्लार्क होऊन बाहेर पडला.

"होता की. घाशीराम सावळदास. १७७७ पासून पुण्याचा कोतवाल. १७९१ मध्ये तेलंगी ब्राह्मणांना कोंडून ठेवलं, त्यातले बरेच गुदमरून मेले, आणि मग जमावानं त्याला दगडांनी ठेचला. एवढं पुरेसं भयंकर नाही का? वर मुलगी कशाला चिकटवायची?"

शिरूभाऊ म्हणाले, "तेंडुलकरांच्या त्या 'घाशीराम कोतवाल' नाटकावरून याच पेठेत काय रणं माजली होती, आठवतंय का?" आठवायला आम्ही तेव्हा चड्डीत होतो, पण ऐकून सगळं पाठ. १६ डिसेंबर १९७२ ला पहिला प्रयोग, तोही इथंच, भरतला. एकोणीस प्रयोगांनंतर ते बसवणाऱ्या संस्थेनंच नाटक थांबवलं. मग त्याच मंडळींनी बाहेर पडून थिएटर अकादमी काढली आणि ते पुन्हा उभं केलं. लेखकानं हे ऐतिहासिक नाटक नाही असं आधीच सांगून ठेवलं होतं. पण पुण्यात प्रस्तावना वाचून भांडायची पद्धत नाही.

मी म्हटलं, "वैजू, तुला गौरी खुपते. मला त्या नाटकातली भिंत आठवते."

ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल. बारा बामणांची ओळ. तीच माणसं गणपतीपुढं डोलतात, तीच कीर्तन करतात, आणि मागं काही चालू असलं की तीच पाठ करून उभी राहतात. त्यांचाच पडदा होतो. पडद्यामागचं आपल्याला दिसत नाही, त्यांना दिसतं. शेवटी घाशीरामाचा जीव घ्यायला सरसावतात तीही तीच. डोलायची लय मोडत नाही. तुझ्या दफ्तरात नाना आहे, कोतवाल आहे, मेलेले आहेत. ही बारा माणसं कुठल्या रुमालात बांधलेली सापडतील?

"जमाव म्हणून नोंद आहे," वैजू म्हणाली.

"जमावाला चेहरे नसतात, म्हणून तर तो शब्द सोयीचा."

इथं नानाचा पुतण्या ओंकार मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणाला की हुकूमशहावर सगळ्यात भारी काम चॅप्लिननं केलंय, १९४० मध्ये, तेही हिटलर जिवंत असताना. खरं आहे. पण त्याच चॅप्लिननं पुढं आत्मचरित्रात लिहिलं की छळछावण्यांत खरोखर काय चाललंय हे कळलं असतं तर मला तो चित्रपट करता आला नसता. ओंकारला हे माहीत नव्हतं. त्यानं ते लगेच शोधून पाहिलं आणि गप्प बसला. हल्लीची पिढी वाद घालत नाही, तपासते.

शिरूभाऊंना मात्र वेगळीच खाज सुटली होती. "काही म्हणा, आणीबाणीत गाड्या वेळेवर यायच्या."

हे वाक्य आमच्या कट्ट्यावर वर्षातून दोनदा तरी पडतं. नेहमी वैजू त्यावर आकडे फेकते. २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७, आणीबाणीची चौकशी करणारा शहा आयोग, मिसा कायद्याखाली विनाखटला स्थानबद्ध ३४,९८८. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात केंद्रीय मंत्र्यासमोर अध्यक्षपदावरून स्पष्ट बोलल्या त्या दुर्गाबाई भागवत, आणि पुढं त्यांना झालेली अटक. परवा तिनं यातलं काहीच काढलं नाही.

म्हणाली, "मी आईबरोबर तुरुंगात बाबांना भेटायला जायचे तेव्हा डब्यात शेंगदाण्याची चटणी असायची. फाटकातला शिपाई ती काडीनं ढवळून बघायचा. दर वेळी वेगळी काडी, खाली पडलेली उचलून घ्यायचा. बाबांना ते माहीत नव्हतं. ते चटणी पुसून खायचे."

शिरूभाऊ पेल्यात बघत राहिले. दोन मिनिटांनी म्हणाले, "ही काडी शहा आयोगात आहे का गं?"

"नाही."

"मग?"

"मग काय? ही मी पाहिलेली आहे. आठवण वेगळी आणि रचलेली गोष्ट वेगळी."

मी याच वळणाची वाट बघत होतो. मी त्यांना वासिली ग्रॉसमनचं सांगितलं. सोव्हिएत लेखक, स्टालिनग्राडच्या आघाडीवरचा युद्धवार्ताहर. आई युक्रेनमधल्या बर्दिचेव्ह गावात राहायची, फ्रेंच शिकवायची. जर्मन आले आणि सप्टेंबर १९४१ मध्ये तिथल्या हजारो ज्यूंबरोबर तिलाही गोळ्या घातल्या. तिचं शेवटचं पत्र वगैरे काही आलं नाही. मुलानं ते पुढं कादंबरीत स्वतः लिहिलं. कादंबरीतली आई डोळ्यांची डॉक्टर आहे. घेट्टोच्या, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीच्या, कुंपणातून ती मुलाला एकच लांब पत्र पाठवते, अख्खं प्रकरणभर. त्यात तोफा-बंदुका फारशा नाहीत. तिला घर सोडायला लागतं तेव्हा शेजारच्या दोन बायका तिच्यादेखत वाद घालतात, हिच्या खुर्च्या कुणी घ्यायच्या आणि लिहायचं टेबल कुणी. निरोप देताना त्याच दोघी रडतात.

"खोटं रडतात?" नानानं विचारलं.

"नाही. खरं रडतात. तिथंच तर गोम आहे."

वैजूनं पेला खाली ठेवला. "म्हणजे आईनं काय लिहिलं असतं ते मुलानं ठरवलं. आमच्याकडं याला बनावट कागद म्हणतात. उद्या एखादा म्हणेल, बघा, हे पत्रच रचलेलं, मग गोळ्याही रचलेल्या असतील. असे लोक आहेत जगात. त्यांच्याशी भांडायला मला अस्सल कागद लागतो, तुझ्या ग्रॉसमनचं पत्र नाही."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजूनही नाही. मी एवढंच म्हटलं की अस्सल कागद लिहिणारे बहुतेक मारणारेच असतात. आकडे, तारखा, गाड्यांची वेळापत्रकं, सगळं त्यांच्याच हस्ताक्षरात. खुर्च्यांवरून झालेला वाद कोण टिपून ठेवणार?

मग कादंबरीचं पुढं काय झालं ते सांगितलं. स्टालिन जाऊन आठ वर्षं होत आली होती, तरी फेब्रुवारी १९६१ मध्ये केजीबीची, म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलिसांची, माणसं ग्रॉसमनच्या घरी आली. लेखकाला हात लावला नाही, कादंबरीला अटक केली. हस्तलिखित नेलं, टाइप केलेल्या प्रती नेल्या, कार्बन पेपर नेले, टाइपरायटरच्या रिबनीसुद्धा नेल्या. ग्रॉसमन १९६४ मध्ये गेला. मित्रांकडं लपवलेल्या प्रतींमुळं पुस्तक वाचलं आणि १९८० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये छापलं गेलं. ते बघायला तो नव्हता.

"थांब," नाना म्हणाला. "रिबन कशाला नेली?"

"म्हणजे? त्यावर अक्षरं उमटलेली असतात ना."

"डोंबल! कार्बनचं समजू शकतो. नवा कार्बन एकदाच वापरलेला असला की उजेडापुढं धर, अख्खं पत्र वाचता येतं. आमच्याकडं साहेबांची कॉन्फिडेन्शियल पत्रं मी तशीच वाचायचो. पण कापडी रिबन? ती या चकरीवरून त्या चकरीवर आणि उलटी परत, शाई वाळेपर्यंत फिरत राहते. अक्षरावर अक्षर, अक्षरावर अक्षर. त्यातून ब्रह्मदेवाला काही वाचता यायचं नाही."

वैजूला आता खरंच कुतूहल वाटलं. "मग नेली कशाला?"

नानानं रिकामे पेले एकात एक घातले.

"वरून यादी आली असणार. यादीत रिबन लिहिलेली असणार."

"पण आलेल्या माणसाला कळत नसेल का, तिचा उपयोग नाही म्हणून?"

"कळत असेल की. मी असतो तरी मला कळलं असतं," नाना म्हणाला. "आणि मीही नेली असती. नग मोजून, पोच देऊन."