40 मिनिटांत सिद्ध झालेला देव

आज चर्चमध्ये उपासनेनंतर एका पाहुण्या वक्त्यांनी आमच्या तरुण संघापुढे 40 मिनिटांत देव सिद्ध करून दाखवला. प्रोजेक्टरवर. शेवटची स्लाइड: ‘म्हणून देव अस्तित्वात आहे!’ टाळ्या. तेव्हापासून डोकं तापलंय माझं.

अहो, देव म्हणजे काय हरवलेली किल्ली आहे, सापडली म्हणून टाळ्या पिटायला? जर्मन धर्मशास्त्रज्ञ पॉल टिलिकने 1951 मध्येच लिहून ठेवलंय की देव अस्तित्वात आहे असा युक्तिवाद करणं म्हणजे त्याला नाकारणंच. देव ही जगातली आणखी एक वस्तू नाही, तो असण्याचाच पाया आहे. आणि हा कोणी नास्तिक नव्हे, पहिल्या महायुद्धात आघाडीवर सैनिकांना मूठमाती देणारा पाळक!

लहानपणी रात्री लाइट गेली की मी अंथरुणातून ओरडायचे, “आई, आहेस का?” स्वयंपाकघरातून यायचं, “आहे गं.” संपलं. पुरावा कोण मागतंय?

बायबलमधलं निर्गम 3:14 आपल्याला पाठ असतं, देव मोशेला म्हणतो, ‘मी आहे तो आहे.’ ग्रीक भाषांतरात त्याचं ‘जो आहे तो’ झालं आणि थॉमस अक्वायनससारख्या मध्ययुगीन धर्मपंडितांनी त्यावर असण्याचं अख्खं तत्त्वज्ञान रचलं. पण जरा वर 12वं वचन वाचा. मूळ हिब्रूत तोच शब्द: ‘मी तुझ्याबरोबर असेन.’ हे आईचं “आहे गं” नाही तर काय?

बरं, कॉलेजात पोरांना श्रद्धेवरून टोमणे बसतात, त्यांना उत्तरं लागतात. असेल.

टिलिकही मला पुरता पटत नाही. ‘असण्याच्या पाया’ला हाक काय म्हणून मारायची? जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरनेच म्हटलंय, तत्त्वज्ञांच्या देवापुढे ना प्रार्थना करता येते, ना नाचता येतं. वाक्य लाखमोलाचं, पण माणूस? आयुष्यभर ‘असणं’ म्हणजे काय ते शोधलं आणि 1933 मध्ये नाझी पक्षात गेला. त्याच वर्षी नाझींनी टिलिकला फ्रँकफुर्टच्या प्राध्यापकपदावरून हटवलं. चीड येते. त्यापेक्षा तो फ्रेंच तत्त्वज्ञ मारियाँ बरा. 1982 मध्ये त्याने देवाला ‘असण्या’च्या चौकटीतूनच बाहेर काढलं. आधी प्रेम, असणं-बिसणं मागून.

घरी येऊन हे सगळं तावातावाने आईला सांगितलं. ती लसूण सोलत होती. म्हणाली, “चाळीस मिनिटं बोलले? मग प्रार्थना कधी केली?”

आठवून पाहिलं. केलीच नव्हती.