हलका, पण सुटल्या सुटल्या नाही: अमोनियावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. बर्फाच्या कारखान्यांवरच्या लेखात मी ‘अमोनिया हवेपेक्षा जड असतो’ असं लिहिलं, ते तुम्ही प्रतिक्रियेत म्हटल्याप्रमाणे चूकच. अमोनियाचा रेणुभार (एका रेणूचं सापेक्ष वजन) १७, हवेचा सरासरी २९, म्हणजे अमोनिया हलका. वाक्य दुरुस्त केलंय, मनापासून आभार. पण ‘गॅस सुटला तर खाली वाकून बसावं, तो डोक्यावरून निघून जातो, उगाच घाबरवू नका’ हा तुमचा सल्ला कृपा करून कुणाला देऊ नका.

बर्फाच्या कारखान्यात गारवा आणायला अमोनिया वापरतात, आणि टाकीत तो दाबाखाली, द्रवरूपात असतो. मोकळ्या हवेत तो उणे ३३ अंश सेल्सिअसलाच उकळतो. त्यामुळे पाइप फुटला की वायूबरोबर द्रवाचे बारीक थेंबही उडतात, भोवतालची हवा गारठते आणि पांढरं धुकं तयार होतं. हे गार मिश्रण हवेपेक्षा जड असतं. ते जमिनीलगत सरकतं, गटारात, खड्ड्यात साचतं. ऊब मिळाल्यावर मग वर चढतं. १९७६ साली अमेरिकेत ह्यूस्टनला अमोनियाचा टँकर उड्डाणपुलावरून कोसळला, तेव्हा असाच ढग जमिनीलगत पसरला आणि माणसं दगावली. खाली बसणारा नेमका त्यातच सापडतो.

गॅस सुटल्याचं वासाने आधीच कळतं, हे मात्र खरं. पण रोज त्याच हवेत राबणाऱ्याच्या नाकाला सवय होते. आठ तासांच्या पाळीसाठी २५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग अमोनिया) ही मर्यादा धरतात. ३०० पीपीएमला थेट जिवाशी गाठ.

मला सगळ्यात जास्त काळजी डोळ्यांची वाटते. अमोनिया पाण्यात झपाट्याने विरघळतो. डोळ्यात, घशात, फुप्फुसात ओल मिळाली की तिथेच अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा दाहक पदार्थ, तयार होते. आम्लाने भाजलं तर बहुधा वरचा थर गोठतो आणि आम्ल तिथेच अडतं. अल्कली पेशींमधल्या चरबीचा साबण करत आत शिरत जाते. म्हणून दवाखान्याकडे धावण्याआधी डोळे वाहत्या पाण्याने निदान १५ मिनिटं धुवायचे. धाप नंतर काही तासांनीही लागू शकते. तेव्हा बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवायचंच.

आणि पळायचं ते वाऱ्याला आडवं, नाकावर ओला रुमाल धरून. सांडलेल्या द्रवावर बादलीने पाणी ओतू नका, तो आणखी जोरात उकळतो.