पाहुणा जेवता कामा नये

स्वागतसमारंभाला सहाशे माणसं बोलवायची, प्लेटमागे भरभक्कम पैसे मोजायचे आणि तरीही घरी परतणाऱ्या पाहुण्याने वाटेत गाडी थांबवून वडापाव खाल्ला पाहिजे, ही किमया वाटते तितकी अवघड नाही. बहुतेक यजमानांना ती पहिल्याच प्रयत्नात साधते. पण ज्यांच्या घरी अजून एखादं लग्न व्हायचं आहे त्यांनी ही गोष्ट दैवावर सोडू नये.

सुरुवात मेनूपासून करा. पदार्थ चांगला होतो का, हे विचारू नका. पदार्थ किती, एवढंच विचारा. वेलकम ड्रिंक दोन, सूप दोन, स्टार्टर चार, चाट, डोसा, चायनीज, पास्ता, पनीरच्या दोन भाज्या, मिक्स व्हेज, डाळ, जिरा राइस, पुलाव, रोट्या चार तऱ्हेच्या, सॅलड आठ तऱ्हेचं, गोडाचे तीन, आइस्क्रीम, पान. आकडा पन्नाशीला टेकला की थांबायला हरकत नाही. व्याह्यांच्या पुतणीच्या रिसेप्शनला बावन्न होते असं कानावर आलं, तर लोणचं, पापड आणि लिंबाची फोड वेगवेगळी मोजा. त्रेपन्न होतात.

एका भटारखान्यात एका संध्याकाळी इतके पदार्थ कसे होतात, याच्या खोलात शिरू नका. तिथे मोठाल्या पातेल्यांत दोन-तीन ग्रेव्ह्या तयार असतात: कांदा-टोमॅटोची लाल, काजू-मगजाची पांढरी, फार तर पालकाची हिरवी. लालमध्ये लोणी आणि पनीर पडलं की पनीर बटर मसाला. सिमला मिरची पडली की कढाई. तिखट वाढलं की अंगारा. आणि भाज्यांचे तुकडे पडले की व्हेज कोल्हापुरी. पाहुण्याला एकाच पातेल्यातली भाजी चार नावांनी वाढली जाते आणि तुम्हाला चार पदार्थांचं समाधान मिळतं. दरात मात्र भरपूर घासाघीस करा. प्लेटमागे पन्नास रुपये तोडलेत की पांढऱ्या ग्रेव्हीतला काजू कमी होऊन कलिंगडाच्या बियांचा मगज वाढतो. आणखी तोडलेत की दुधाच्या पनीरच्या जागी वनस्पती तेलाचं ‘अ‍ॅनालॉग’ पनीर येतं. केटरर कधीच तोट्यात जात नाही, आणि तुम्हालाही आपण त्याला नमवल्याचा आनंद महिनाभर पुरतो.

टेस्टिंगला, म्हणजे केटरर आधी चव दाखवायला बोलावतो त्या जेवणाला, घरातली आठ माणसं न्या. त्या दिवशी भाजी छोट्या कढईत, मुख्य आचाऱ्याच्या हातची, समोरच्या गॅसवरून थेट पानात येते. सहाशे माणसांची भाजी चाळीस-पन्नास किलोंची असते. मोठ्या पातेल्यात पाणी त्याच वेगाने आटत नाही, त्यामुळे रस्सा पातळ राहतो. मीठ-तिखट सरळ पटीत वाढवलं तर जास्त होतं. आणि एकाच भांड्यात फार तांदूळ लावला तर वरचा कच्चा, खालचा गिच्च. म्हणून कसलेला आचारी भात दहा-पंधरा किलोंच्या वेगवेगळ्या पातेल्यांत लावतो. तुमचा केटरर कसा लावणार, हे विचारण्याची वेळ टेस्टिंगचीच असते, तेव्हा ती अजिबात त्यात घालवू नका. आत्याबाईंनी ‘तिखट कमी करा’ म्हटलं आणि मामांनी ‘जरा झणझणीत हवं’ म्हटलं, तर दोन्ही लिहून घ्यायला लावा.

आता मांडणी. इथे थोडं गणित करावं लागेल, पण निकाल हमखास आहे. पत्रिकेवर ‘सायं. ७ ते १०’ छापलेलं असतं. नवरी मेकअपमधून साडेआठला बाहेर येते. स्टेजवर भेटल्याशिवाय जेवायला जाणं बरं दिसत नाही, म्हणून सहाशे माणसं पावणेनऊ ते सव्वादहा या दीड तासातच ताट उचलतात. बुफेच्या टेबलाशी एका बाजूने रांग लावली तर माणूस साधारण पंधरा सेकंदांना एक या वेगाने पुढे सरकतो. म्हणजे तासाला दोनशे चाळीस. सहाशे जणांना अडीच तास. टेबल मध्यभागी ठेवून दोन्ही बाजूंनी वाढून घेता आलं तर हाच वेळ सव्वा तासावर येतो, आणि तसंच आणखी एक टेबल मांडलं तर रांगच लागत नाही. सबब टेबल भिंतीला चिकटवून लावा. मागे फुलांची भिंत आणि वधूवरांच्या नावांचा निऑन बोर्ड येणारच आहे, तेव्हा डेकोरेटर स्वतःच हे काम करून देईल.

रांगेचा वेग आणखी कमी करायचा तर सुरुवातीलाच सॅलड ठेवा. आठ वाडग्यांपुढे माणूस थांबतो, काकडी घ्यावी की अंकुरित मूग यावर विचार करतो आणि अर्धं ताट भरून टाकतो. त्यानंतर पापड, तो ताटाचा उरलेला निम्मा भाग व्यापतो. मग पुरी, पण ती चिमट्याने एकेक देणारा मुलगा उभा करा. ‘किती देऊ?’ हे त्याने प्रत्येकाला विचारलं पाहिजे. डाळ-भात शेवटी. तोवर ताटात जागा नसते, म्हणून भात गुलाबजामवर पडतो. वाट्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आणि चमचे तिसऱ्याच टेबलावर. पाण्याच्या दोनशे मिलीच्या बाटल्या दाराशी ठेवा, म्हणजे ताट हातात घेऊन तिथवर यात्रा होईल, आणि दोन घोट पिऊन सोडलेल्या बाटल्या रात्री गोण्या भरभरून उचलता येतील. खुर्च्या स्टेजसमोर सोफ्यासारख्या ओळीत हव्यात. जेवणाच्या बाजूला चार पुरे. त्यांच्यावर पर्सेस ठेवल्या जातात.

लाइव्ह काउंटर हे या शास्त्राचं शिखर. डोशाच्या एका तव्यावर तीन डोसे, तीन मिनिटांत एक खेप, म्हणजे तासाला साठ. दीड तासात नव्वद. सहाशेतल्या पाचशे दहा जणांना डोसा मिळत नाही, पण सगळ्यांना तो दिसतो, आणि वासही येतो. पास्त्याचे दोन पॅन, प्रत्येकात दोन प्लेट, पाच मिनिटांची खेप: तासाला अठ्ठेचाळीस. त्यातही ‘रेड सॉस की व्हाइट? ब्रोकोली चालेल? ऑलिव्ह?’ ही प्रश्नमंजूषा असतेच. पाणीपुरीचा काउंटर तेवढा जपून ठेवा. तो सगळ्यात जलद चालतो आणि पाहुण्यांचं पोट सगळ्यात स्वस्तात भरतो. केटरर तो तुम्हाला ‘आमच्याकडून फ्री’ म्हणून देतो, त्यामागे पुढच्या पनीरची बचत असते.

परंपरेचं प्रेम असेल तर ‘गावरान कॉर्नर’ करा. बैलगाडीचं चाक, दोन कंदील, फेटा बांधलेला मुलगा आणि पिठलं-भाकरी-ठेचा. ज्वारीची भाकरी तव्यावरून पानात आली तरच मऊ. गव्हासारखा चिकटपणा त्या पिठात नसल्याने गार झाली की तिचा पुठ्ठा होतो. चुलीपाशी बसलेल्या एका बाईंच्या हातून तासाला वीस-पंचवीस भाकऱ्या निघतात. म्हणून त्या दुपारी चारलाच करून टोपलीत रचून ठेवायला सांगा आणि बाईंना रात्री फोटोपुरतं थापायला बसवा. खानदेशातल्या मंडळींनी वरण-बट्टी आणि वांग्याचं भरीत, नागपूरकरांनी वडाभात असल्या, हात बसलेल्या आचाऱ्यांकडून हमखास चांगल्या होणाऱ्या गोष्टींचा मोह टाळावा. तिथे हक्का नूडल्स बऱ्या.

तारीख ठरवताना कालनिर्णय उघडून संकष्टी किंवा एकादशी आहे का ते पाहू नका. असलीच, तर उपवासाच्या म्हणून पंचवीस प्लेट साबुदाण्याची खिचडी सांगा. ती सव्वाआठपर्यंत उपवास नसलेले लोक स्टार्टर म्हणून संपवतील. उपवासाच्या आजींना मग केळं देता येतं.

तापमानाबद्दल लोक उगाच धास्ती घेतात. गरम अन्न ६० अंश सेल्सियसच्या वर आणि थंड ५ अंशांच्या खाली ठेवावं, मधल्या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात, असं अन्नसुरक्षेची माणसं सांगतात. चेफिंग डिश, म्हणजे बुफेवरचं ते झाकणाचं चकचकीत भांडं, अन्न गरम ठेवते, गरम करत नाही. तिच्या खालच्या ट्रेमध्ये आधी उकळतं पाणी ओतायचं असतं. ते काम करणाऱ्या मुलांना हे कुणी सांगितलेलं नसतं. ती नळाचं पाणी ओततात, खाली जेलचा डबा पेटवतात आणि झाकण उघडं टाकतात, कारण भाजीवर केलेली क्रीमची नक्षी दिसली पाहिजे. वर लॉनवरचा वारा. नऊच्या सुमाराला पनीरवर साय धरते. आमरस किंवा बासुंदी बर्फाशिवाय उघड्यावर ठेवली की मे महिना बाकीचं पाहून घेतो. दुपारी लग्न आणि रात्री रिसेप्शन एकाच कार्यालयात असेल तर दुपारचा उरलेला भात फेकू नका, त्याचाच फ्राइड राइस होतो. भातातल्या बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात पाच-सहा तास कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं एक विष पुन्हा परतूनही नष्ट होत नाही. हा पदार्थ पाहुण्यांच्या लक्षात राहतो.

बर्फाचंही सांगून ठेवतो. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फाला निळसर रंग देण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ मध्ये आला. तेव्हा वेलकम ड्रिंक निळंशार ‘ब्लू लगून’ ठेवा.

एवढं सगळं जुळून आल्यावर घरातलं कुणीतरी म्हातारं माणूस पंगतीचा विषय काढतं. तिथे खंबीर राहा. पंगतीत पाहुणा बसतो, हीच पहिली अडचण. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे बटाट्याची भाजी आणि चुका-चिंच घातलेली, म्हणून घशाला न खाजणारी अळूची पातळ भाजी. मध्ये वरण-भाताची मूद, तिच्यावर तूप. मग पुरी, मसालेभात, जिलेबी, मठ्ठा. पदार्थ जेमतेम डझनभर. शंभर पानांना मसालेभाताचे साधारण सहा-सात किलो तांदूळ, पुऱ्यांची आठ-दहा किलो कणीक, आठ किलो जिलेबी, पंधरा-वीस लिटर मठ्ठा, एवढ्यावर भागतं. पंधरा-वीस पानांमागे एक चपळ वाढपी असला की दोनशेची पंगत चाळीस मिनिटांत उठते. सहाशे माणसं तीन पंगतींत, दोन-सव्वादोन तासांत, बसून, गरम जेवून जातात. बुफेच्या खर्चाचं मग समर्थन काय करणार? फारच आग्रह झाला तर पंगत घाला, पण वाढायला घरचे भाचे-पुतणे लावा. पहिल्या रांगेला तीनदा मसालेभात मिळेल, शेवटच्या रांगेला फक्त मीठ मिळेल, आणि भाचे मधल्या वेळात सेल्फी काढायला जातील.

राहिला प्लेटच्या आकड्याचा व्यवहार. सातशे पत्रिका वाटून केटररला चारशेची गॅरंटी, म्हणजे माणसं आली नाहीत तरी तेवढ्या प्लेटचे पैसे देण्याची हमी, द्या आणि ‘वाढले तर बघून घेऊ’ म्हणा. केटरर बहुधा दहा टक्के जास्तीची तयारी ठेवतो, म्हणजे चारशे चाळीस. पावणेदहाला आतून ‘पाच मिनिटांत पनीर येतंय’ असा निरोप येतो; येते ती डाळ, पाणी घालून लांबवलेली. उलट, दाट लग्नतिथीच्या दिवशी पूर्ण सातशेची गॅरंटी देण्यातही मजा आहे. त्या संध्याकाळी प्रत्येक घरी तीन-तीन आमंत्रणं असतात. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे अशी वाटणी होते आणि तुमच्याकडे साडेतीनशे उगवतात. पैसे सातशेचे जातात. त्याच तिथीला केटररचीही चार कार्यं असतात, आणि त्याचा मुख्य आचारी तुमच्याकडे नसतो.

प्लेट मोजण्याची रीत आधी ठरवू नका. सुरुवातीला किती ताटं मांडली आणि शेवटी किती उरली, यावर बिल होतं. धुतलेली ताटं मध्येच पुन्हा गठ्ठ्यात आली, की तो हिशेब देवालाही लागत नाही. चिकट झालेलं ताट ठेवून गोडासाठी नवं उचलणारा पाहुणा दोनदा मोजला जातो. फोटोग्राफरची सहा-सात मुलं, बँडवाले, ड्रायव्हर, डेकोरेटरची माणसं जेवतातच. त्यांचा दर वेगळा की तोच, हे रात्री साडेअकराला गेटपाशी उभं राहून ठरवण्याची लज्जत और आहे. एखाद्या काकांना ताटांच्या गठ्ठ्याशी वही देऊन बसवलंत, तर ते पावणेनऊला ओळखीचा माणूस दिसताच उठतील आणि पाणीपुरीकडे जातील. त्यांचा आकडा केटररच्या आकड्यापेक्षा दोनशेने कमी येईल. तोही चुकीचाच असेल.

आणि शेवटचा हप्ता, म्हणजे जाणकार लोक कार्य पार पडेपर्यंत हातात ठेवतात ते वीस-पंचवीस टक्के, मुहूर्ताआधीच देऊन मोकळे व्हा. मेनू, प्लेटचा दर, जीएसटी धरून की सोडून, किती वाढपी येणार, उरलेलं अन्न कोणाचं, यातलं काहीही कागदावर नको. ‘आपला माणूस आहे’ एवढं बस्स. म्हणजे रात्री पनीर संपलं आणि तुम्ही फोन लावलात, तर तो आपला माणूस दुसऱ्या लॉनवर, दुसऱ्या कुणाच्या तरी हजार प्लेटांच्या रिसेप्शनमध्ये, फोन सायलेंटवर टाकून उभा असेल.