दहाचे अकरा करताना बारा वाजू नयेत म्हणून

तर भावा, तुझ्या कॉम्प्युटरवर ती पाटी यायला लागलीय, विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून, आणि तू ती रोज 'नंतर आठवण करा' दाबून घालवतोयस. अगदी बरोबर करतोयस, असंच चालू ठेव. मी मंगळवार पेठेत लग्नपत्रिका आणि डिजिटल बोर्डांचं दुकान चालवतो, दिवसातले बारा तास स्क्रीनसमोर बसतो, त्यामुळं या विषयात मला अधिकार आहे असं धरून पुढचं वाच. नसला अधिकार तरी काय, आपण कोल्हापूरचे, सल्ला द्यायला अधिकार कशाला लागतोय.

पहिलं म्हणजे घाई करायची नाही. या गावात घाईनं काय झालंय ते दाखव मला. महापालिका १९७२ साली झाली, हद्दवाढीचं बोलणं अजून चालूच आहे. हायकोर्टाचं बेंच पाहिजे म्हणून वकील मंडळी काळे कोट घालून किती वर्षं उन्हात बसली, तेव्हा कुठं १८ ऑगस्ट २०२५ ला सर्किट बेंच सुरू झालं. आणि तू एका विंडोजसाठी रविवारची सकाळ, ती पण मिसळीची सकाळ, घालवणार? शोभतंय का?

आणि ही विंडोज मरायची तऱ्हा बघ. एक्सपीनं ८ एप्रिल २०१४ ला राम म्हटला, त्या दिवशी रामनवमीच होती. सातचा भोग सरला १४ जानेवारी २०२०, भोगीचा दिवस. आणि दहा गेलं १४ ऑक्टोबर २०२५ ला, वसुबारसेच्या तीन दिवस आधी, म्हणजे घरात फराळाचा वास आणि मशीन सुतकात. मायक्रोसॉफ्ट कंपनीनं काय पंचांग बघून ठरवलं नसणार, पण जमून आलंय. गंमत म्हणजे २०१५ ला दहा आलं तेव्हा कंपनीच्याच एका माणसानं जाहीर कार्यक्रमात सांगितलेलं की हे शेवटचं विंडोज. पैलवान पण 'ही शेवटची कुस्ती' म्हणत असतोय, पुढच्या जत्रेत लंगोट कसून हजर. सहा वर्षांत, ५ ऑक्टोबर २०२१ ला, अकरा आलंच.

तुझ्या ओळखीत एक जण असणारच जो म्हणतोय की विंडोज एकाआड एक घ्यायचं. एक्सपी भारी, व्हिस्टा बंडल, सात भारी, आठ बंडल (त्यात तर स्टार्टचं बटणच काढून टाकलेलं, २०१२ ला, आणि वर्षभरात ८.१ मध्ये गपचूप परत आणलं), मग दहा भारी. मग नऊचं काय? नऊ आलंच नाही, आठवरनं थेट दहावर उडी. या हिशेबानं अकरा बंडल, बाराची वाट बघ. ही थिअरी पाठ करून ठेव, कट्ट्यावर लई चालतीय, आणि बारा कधी येणार असं कुणी विचारलं की चहा सांगायचा.

आता तुला खाज आलीच की बघूया तरी आपलं मशीन अकराला चालतंय का, तर एक काम अजिबात करायचं नाही. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून tpm.msc, म्हणजे टीपीएम डॉट एमएससी, टाइप केलं की अर्ध्या मिनिटात कळतंय मदरबोर्डावर अकराला लागणारं टीपीएम २.० आहे का नाही, म्हणूनच ते करायचं नाही. टीपीएम म्हणजे किल्ल्या सांभाळणारी एक बारकी चिप, तिजोरीच्या आतली तिजोरी. बऱ्याच बोर्डांवर ती सोय असते, नुसती बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, बंद असते, इंटेलवाले तिला पीटीटी म्हणतात, एएमडीवाले एफटीपीएम, चालू केलं की काम झालं. पण एवढ्यात भागलं तर नवीन मशीन घ्यायला घरात कारण काय सांगणार तू?

खरा अडसर प्रोसेसरचा आहे. इंटेल असेल तर आठवी पिढी पाहिजे, एएमडी असेल तर रायझन २००० पासून पुढचं. आम्ही पत्रिका छापणारी माणसं, आम्हाला वाटायचं सोयरिकीत सात पिढ्या बघितल्या की भरपूर झालं, हे लोक आठवी बघतात. सातव्या पिढीचं चांगलं धडधाकट स्थळ, आजपर्यंत कधी हँग नाही, तरी दारातनं परत. कायमच परत असं पण नाही, रुफस नावाचं एक फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यानं पेनड्राइव्ह तयार केला तर ही तपासणी चुकवून अकरा बसवता येतंय. फक्त पुढं अपडेट मिळतील याची हमी कंपनी देत नाही. पळून जाऊन केलेलं लग्न, हळदीला कोण येणार नाही म्हणून रडायचं नाही. रॅम म्हणे ४ जीबी असली तरी अकरा चालतंय. चालतंय म्हणजे रंकाळ्यावर संध्याकाळी आजोबा लोक चालतात तसं.

आता कुणीतरी सुरक्षेचं काढेलच. सपोर्ट संपला म्हणजे मशीन बंद पडलं असं नाही, दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी भोकं बुजवायला जो गवंडी यायचा तो यायचा बंद झाला एवढंच. घर उभंच आहे. आणि धोक्याचं म्हणशील तर धोका कसा हाताळायचा हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा, ४३ फुटाला धोका. ३९ ला आपण मोबाईलवर आकडा बघतो, 'अजून चार फूट आहे की' म्हणतो, आणि ४३ झालं की बायकापोरांना गाडीवर घालून पाणी बघायला जातो. २०१९ ला गेलो, २०२१ ला गेलो. कणीस पण खाल्लं. कॉम्प्युटरचं तसंच ठेवायचं. मे २०१७ ला वॉनाक्राय, तो फायलींना कुलूप घालून खंडणी मागणारा व्हायरस, आलेला आठवतोय? त्यावरचं औषध मार्चमध्येच दिलेलं होतं, दोन महिने आधी. ज्यांनी अपडेट मारला नव्हता त्यांच्या फायलींना कुलपं लागली, ब्रिटनमध्ये दवाखान्यांना पेशंटच्या अपॉइंटमेंटा रद्द कराव्या लागल्या. एक्सपीला तर मेल्यावर तीन वर्षांनी औषध पाठवलं, असं प्रेम आजकाल कोण करतंय.

मुदतवाढ पण आहे, ती मात्र घे, कारण मुदतवाढीला नाही म्हणणारा माणूस आपल्याकडं जन्मलेला नाही. घरगुती मशीनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट. कंपनीच्या खात्यानं लॉगिन करून सेटिंग त्यांच्या ढगात, म्हणजे क्लाउडवर, ठेवली तर फुकट, नाहीतर त्यांचे बक्षिसाचे १००० पॉइंट, नाहीतर ३० डॉलर. तू फुकट शब्द वाचून पुढचं वाचलंच नाहीस, मला माहीत आहे. पासवर्ड आठवतोय का बघ आधी. नाही ना? झालं मग.

विंडोजच्या जागी टाकायच्या लिनक्सचं नाव काढलंस तर मित्र गमावशील. लिनक्स मिंट फुकट, जुन्या मशीनवर पण पळतंय, पण फुकट म्हटल्यावर आपल्याला त्यात काहीतरी काळंबेरं दिसायला लागतं, आणि 'ते कोडिंगवाल्यांचं असतंय' असं तू ज्या अँड्रॉइड फोनवरनं टाइप करतोयस त्याच्या पोटात लिनक्सच आहे. दोन्ही एकाच मशीनवर टाकता येतंय, तांबडा पण आणि पांढरा पण. फक्त चालू करताना रोज विचारत बसतंय, कुठला वाढू.

आता बॅकअप. इथं मी स्वतःच्या अनुभवानं बोलतो. बॅकअप घ्यायचा नाही. मागच्या वर्षी तुळशीचं लग्न झालं, पत्रिकांची गर्दी सुरू झाली, आणि नेमकं तेव्हा मला वाटलं की आता अकरा टाकून घेऊया. (शांत असताना असले विचार येत नाहीत, पाहुणे आल्यावरच घर रंगवायला काढतो तसं.) भाचा इंजिनिअरिंगला आहे, म्हटलं त्याला बोलव, दुकानवाल्याला पैसे कशाला. पोरगं हुशार, आल्या आल्या विचारलं, "मामा, सी ड्राइव्हमध्ये काय महत्त्वाचं आहे का?"

मी पानाचा डबा उघडत म्हटलं, "काही नाही रे, सगळं डेस्कटॉपवर आहे."

त्यानं पण मान हलवली, मी पण हलवली. पाऊण तासात मशीन चकाचक, आरशासारखं, स्टार्टचं बटण मधोमध आणि बाकी काहीच नाही. डेस्कटॉप सी मध्येच राहतो हे मला तेव्हा कळलं, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, आणि मामाला डेस्कटॉप म्हणजे टेबल वाटतंय हे त्याला कळलं. चौदा पत्रिकांची प्रुफं, एका तालमीचा वर्गणीचा हिशेब आणि एका भाऊंच्या वाढदिवसाचा वीस बाय दहाचा बोर्ड, त्यात भाऊंच्या मागं उभे असलेले सत्तावीस कार्यकर्ते, एकेकाचं डोकं मी हातानं कापून काढलेलं. पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्येच होता. दीडशे पावलांवर दुसरं दुकान, तिथं हार्ड डिस्क टांगूनच ठेवलेल्या असतात. पण बॅकअप घेतला असता तर मला सत्तावीस माणसांचे फोन आले असते का? लोकसंग्रह वाढला माझा.

त्यामुळं बॅकअप नाही. स्टार्टचं बटण डावीकडं न्यायचं पण नाही, टास्कबारच्या सेटिंगमध्ये जाऊन अलाइनमेंट लेफ्ट केलं की जातंय, मग कुरकुर कशाबद्दल करणार?

आणि जुनं मशीन विकायचं तर मुळीच नाही. माझं एक्सपीचं मशीन माडीवर आहे, अण्णांच्या काळातलं, देवघरासारखं प्लास्टिक घालून झाकलेलं. त्याला नेटची वायर नाही, मागं २५ पिनांच्या पोर्टला मराठी फॉन्टचं डोंगल, म्हणजे फॉन्ट चालायला लावावी लागणारी किल्ली, ते नवीन मशीनला बसत नाही कारण नव्या मशीनला ते भोकच नाही. जुन्या फायली नव्यावर उघडल्या की 'चि. सौ. कां.' च्या जागी कंस, टक्का आणि प्रश्नचिन्ह येतं. नवरीच्या बापाला ते दाखवून बघ एकदा.

गेल्या महिन्यात कागलचे एक पाहुणे आले. २००४ ला त्यांची पत्रिका अण्णांनी छापलेली, आता पोरीचं लग्न, आणि गणपती, किनार, अक्षर सगळं त्या पत्रिकेसारखं पाहिजे, पोरीचाच हट्ट. त्यांना माडीवर नेलं, प्लास्टिक काढलं, बटण दाबलं. मशीन खोकलं, पंखा फिरला, मी चहा सांगितला. चहा आला, संपला, कप घेऊन पोरगं गेलं, तेव्हा कुठं स्क्रीनवर एक्सपीची ती हिरवी टेकडी आणि निळं आभाळ उगवलं. पाहुणे चष्मा वर करून बघत राहिले.

"हे आपल्याकडचंच का ओ? पन्हाळ्याच्या अलीकडं?"

मी म्हटलं, "मसाई पठार. पावसाळ्यातलं."